त्वचारोगांचं कोडिंग: केस पेपरपासून क्लेमपर्यंत

'स्किन इन्फेक्शन, बोथ लेग्ज. ॲडमिट.' एवढ्या एका ओळीचा केस पेपर टीपीए डेस्कवर, म्हणजे दवाखान्यातल्या विमा क्लेमच्या टेबलावर येतो आणि त्यावरून आयसीडी कोड, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला क्रमांक, भरायचा असतो. ह्या ओळीमागे सेल्युलायटिस (कातडीखाली पसरणारा संसर्ग) असू शकतो, खाजवून पिकलेलं इसब असू शकतं किंवा गजकर्णावर झालेला पूही असू शकतो. डेस्कवरचा माणूस संगणकात 'स्किन इन्फेक्शन' टाइप करतो, यादीत वर दिसणारा एल०८.९ निवडतो आणि मोकळा होतो. त्याचा अर्थ 'त्वचेचा स्थानिक संसर्ग, प्रकार नमूद नाही'. ज्याचा प्रकारच नमूद नाही त्या आजारासाठी पाच दिवस ॲडमिट कशाला केलं, असं विमा कंपनीने विचारलं तर तिला दोष देता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या छोट्या-मध्यम दवाखान्यांतले आरएमओ (निवासी डॉक्टर), सिस्टर, रेकॉर्ड क्लार्क, क्लेमचं काम बघणारे आणि गावात राहून अमेरिकन कोडिंग शिकणारी मुलंमुली डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. कोडमधलं अक्षर इथे देवनागरीत दिलं आहे. फॉर्मवर ते रोमनमध्येच भरायचं.

आधी ठरवा: कुठली यादी?

आयसीडी-१० नावाच्या दोन याद्या बाजारात फिरतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. एक जागतिक आरोग्य संघटनेची मूळ यादी, जी भारतात आजारांच्या नोंदीसाठी वापरतात. दुसरी अमेरिकेने त्यावरून वाढवलेली 'सीएम' आवृत्ती. तिच्यात डावं-उजवं, खोली, कितवी भेट असे तपशील कोडमध्येच असतात आणि ती दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते. डाव्या पायाचा सेल्युलायटिस मूळ यादीत एल०३.१, तर सीएममध्ये एल०३.११६. सिबेशियस सिस्ट (कातडीखालची गाठ) मूळ यादीत एल७२.१ मध्ये येते, सीएममध्ये एल७२.३.

गुगलवर शोधलं की बहुतेक वेळा सीएमचा कोड वर येतो. तो उचलून इथल्या फॉर्मवर टाकला की एका फाइलमध्ये दोन याद्यांची खिचडी होते. तुमचं सॉफ्टवेअर कोणती यादी धरतं हे पुरवठादाराला एकदा विचारून घ्या आणि डेस्कसमोर लिहून लावा.

आयसीडी-११ जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात त्वचारोगांचं प्रकरण चौदावं आहे आणि कोड वेगळ्याच धाटणीचे: सोरायसिस ईए९०, गजकर्ण १एफ२८. ओळख असू द्या, पण फॉर्म आयसीडी-१० मागत असेल तर तेच भरा.

त्वचेचे सगळे आजार 'एल' अक्षराखालीच असतील ही समजूतही सोडा. एल०० ते एल९९ हे त्वचेचं प्रकरण खरं, पण गजकर्ण बी३५ मध्ये, खरूज बी८६, नागीण बी०२, चामखीळ बी०७, कुष्ठरोग ए३० आणि त्वचेचा कॅन्सर सी४३-सी४४ मध्ये आहे.

पेशंटचे शब्द जसेच्या तसे, निदान डॉक्टरांच्या शब्दांत

"रातले खाज जास्ती येस" असं चोपड्याकडची आजी सांगते, तेव्हा तिने खरजेचा अर्धा इतिहास देऊन टाकलेला असतो. तो लिहा: रात्री वाढणारी खाज, किती दिवसांपासून, घरात अजून कोणाला. नुसतं 'इचिंग प्लस प्लस' लिहिलं तर ही माहिती तिथेच संपली. कोडरला मग एल२९.९ म्हणजे नुसती खाज, एवढंच हाताशी उरतं.

मात्र पेशंटने वापरलेलं आजाराचं नाव निदान म्हणून उतरवू नका. आपल्याकडे गोल चट्टा दिसला की गजकर्ण, ओला दिसला की इसब आणि दोन्ही कळलं नाही की नायटा म्हणायची पद्धत आहे. 'पित्त उठलं' म्हणजे बहुधा अर्टिकेरिया, एल५०, पण गोळी घेतल्यावर उठलेल्या पुरळालाही लोक पित्तच म्हणतात आणि त्याचा कोड एल२७.० आहे. पेशंटचा शब्द तक्रारीच्या रकान्यात, डॉक्टरांचा निदानाच्या रकान्यात. दोन्ही असले की नंतर वाचणाऱ्याला दुवा लागतो.

कालावधी लिहिताना हात जपून चालवा. 'सिन्स ६ डी' आणि 'सिन्स ६ एम' ह्यांतला फरक घाईच्या अक्षरात दिसत नाही आणि सहा महिने वाचले गेले की आधीपासूनच्या आजाराचा प्रश्न निघतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, म्हणून हा एक शब्द पेशंटला महागात पडतो. 'दिवस', 'महिने' पूर्ण लिहा.

तपासणी: जागा, बाजू, माप, संख्या, खोली

शरीराचा भाग अंदाजे लिहून भागत नाही. गळवांचा एल०२ बघा: चेहरा .०, मान .१, धड .२, कुल्ला .३, हात-पाय .४. 'मल्टिपल बॉइल्स' एवढंच लिहिलं तर चौथा आकडा कोडर कुठून आणणार? मूळ यादीच्या कोडमध्ये डावं-उजवं नसलं तरी नोंदीत ते असलंच पाहिजे, कारण फोटो, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड ह्यांत बाजू बदलली की क्लेम अडकतो.

माप सेंटिमीटरमध्ये. 'लिंबाएवढी गाठ' पेशंटने म्हणावं, डॉक्टरांनी फूटपट्टी लावावी.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी ठळक नसते. 'एरिथेमा', म्हणजे लाली, हे वर्णन गोऱ्या कातडीवर बेतलेलं आहे. उन्हात राबलेल्या सावळ्या-काळ्या पायावर सेल्युलायटिस लाल दिसतोच असं नाही. तो जांभळट, काळसर किंवा नुसता चकाकणारा दिसतो. 'नो एरिथेमा' लिहिलेला सेल्युलायटिसचा पेपर कंपनीच्या डॉक्टरला संशयास्पद वाटणारच. म्हणून जे दिसतं तो रंग लिहा आणि जोडीला हाताला जाणवणारी उष्णता, दाबल्यावर दुखणं, सुजेची हद्द कुठपर्यंत, ताप किती, हे लिहा. पेनने हद्द आखून तारीख-वेळ टाकली तर दुसऱ्या दिवशी सूज वाढली की उतरली हे दाखवायला दुसरा पुरावा लागत नाही.

फोटो काढत असाल तर संमती लेखी घ्या, चेहऱ्याची गरज नसेल तर चेहरा घेऊ नका आणि तो सिस्टरच्या खासगी व्हॉट्सॲपवर पडून राहू देऊ नका.

कारण विचारा, कारण कारणावरच कोड फिरतो

खान्देशात हा टप्पा सगळ्यात जास्त वाया जातो. 'ॲलर्जिक डर्मटायटिस' लिहून पेपर पुढे सरकतो आणि माणूस काय काम करतो हे कुठेच नसतं. कॉन्टॅक्ट डर्मटायटिसचे मूळ यादीत दोन मोठे गट आहेत: एल२३ ॲलर्जीमुळे, एल२४ थेट दाहामुळे. कारणच लिहिलं नाही तर एल२५.९, म्हणजे 'कशाने ते माहीत नाही'.

कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाच्या मानेवर आणि हातांवर दाह असेल तर कीटकनाशक 'इतर रसायनां'मध्ये येतं: ॲलर्जी असेल तर एल२३.५, दाह असेल तर एल२४.५. पण त्याला घाम फुटला आहे, लाळ गळते आहे, बाहुल्या बारीक झाल्या आहेत, तर आता हा त्वचेचा आजार राहिला नाही. ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेटची विषबाधा टी६०.० मध्ये जाते आणि सोबत बाह्य कारणाचा कोड लागतो: अपघाताने एक्स४८, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स६८, निश्चित नसेल तर वाय१८. हा निर्णय कोडरने कधीही घेऊ नये. डॉक्टरांनी काय लिहिलं आहे तेच.

बांधावरचं गाजर गवत काढून चेहरा, पापण्या, कोपरांचे खळगे सुजलेला शेतकरी आपल्याला नवा नाही. गाजर गवताची ॲलर्जी डॉक्टरांनी नोंदवली तर एल२३.७, वनस्पतींमुळे. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईच्या हातांची आग मात्र वनस्पतीच्या कोडमध्ये घालायचा मोह होतो; त्या कोडमध्ये 'अन्न सोडून' अशी अट आहे. मिरची खाद्यपदार्थ आहे, म्हणून एल२४.६. काम हेच कारण असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर वाय९६ जोडता येतो.

औषधाने झालेल्या पुरळात औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि पुरळ उठल्याची तारीख ह्या तिन्ही हव्यात. दिलेल्या डोसमध्ये घेतलेल्या औषधाचा त्रास वाय४० ते वाय५९ मध्ये जोडतात. फिटसाठी दिलेल्या कार्बामॅझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन (कातडी सोलवटणारी गंभीर रिॲक्शन) झाला तर एल५१.१ आणि वाय४६.४. 'कुठलीतरी गोळी घेतली होती' असं नातेवाईक म्हणाले तर गोळीचं पाकीट मागवा. बहुतेक वेळा ते घरात असतं.

गजकर्ण: एकाच पेपरवर तीन-तीन कोड

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, मग पावसाळ्याचा दमट उकाडा आणि दिवसभर घामाने भिजलेले कपडे. गजकर्णाला आणखी काय हवं? पेपरवर 'टिनिया' एवढंच असतं, म्हणून बी३५.९. खरं तर जागेवरून ही यादी इतकी सरळ फुटते की नेमकं न लिहायला काही सबबच नाही: डोकं-दाढी बी३५.०, नखं बी३५.१, हात बी३५.२, पाऊल बी३५.३, अंग बी३५.४, जांघ बी३५.६. कंबरेला आणि जांघेत दोन्हीकडे असेल तर दोन्ही कोड. नखंही गेली असतील तर तिसरा. औषध किती महिने चालणार हे नखांवर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे तो तिसरा कोड शोभेपुरता नसतो. चिखल्यांना मात्र सरसकट बी३५.३ लावू नका. बोटांच्या बेचक्यात कॅन्डिडा ही वेगळी बुरशी असेल तर तो बी३७.२.

दुसरी नोंद आधीच्या मलमांची. औषधाच्या दुकानातून आणलेलं, स्टिरॉइड-अँटिबायोटिक-बुरशीनाशक असं तिहेरी मलम लावून चट्ट्याची कडाच पुसली गेलेला गजकर्ण आता रोजचा झाला आहे. २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांत, घातली गेली, तरी ती चिठ्ठीशिवाय मिळतातच. नोंदीत मलमाचं नाव, किती आठवडे लावलं, कोणी सुचवलं, हे हवं. त्या मलमाने कातडी पातळ झाली असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं तर तो वेगळा दुष्परिणाम म्हणून कोड होतो, वाय५६.० सोबत. केओएच तपासणी (खरवडलेल्या कातडीत बुरशी शोधण्याची) केली असेल तर तिचा निकाल आणि तारीख. केली नसेल तर 'क्लिनिकल निदान' असं लिहा.

पांढरा चट्टा आणि प्रश्नचिन्ह

माझ्या मते त्वचारोगांच्या नोंदीत सगळ्यात धोकादायक चिन्ह म्हणजे '? हॅन्सन', म्हणजे 'कुष्ठरोग असेल का?'. मूळ यादीचा नियम असा: उपचाराचा टप्पा संपेपर्यंत निदान 'संशयित' एवढंच राहिलं आणि दुसरी काही माहिती नसेल, तर ते झालं आहे असं धरूनच कोड करायचं. म्हणजे डॉक्टरांच्या मनातल्या शंकेचं कागदावर ए३०.९ होतं आणि कुष्ठरोगाचा शिक्का पेशंटच्या फाइलवर बसतो. अमेरिकन ओपीडीचा नियम बरोबर उलटा आहे. तिथे 'संशयित', 'बहुधा' असलेलं निदान कोड करत नाहीत, लक्षणं कोड करतात. दोन्ही कामं करणाऱ्यांनी हा फरक पक्का डोक्यात ठेवावा.

शंका असेल तर काय दिसलं ते लिहा. चट्टा फिका आहे की दुधासारखा पांढरा? त्यावर स्पर्श, उष्ण-थंड कळतं का? कोपराची, गुडघ्यामागची नस जाड लागते का? संवेदना कमी असेल आणि निदान बाकी असेल तर आर२०.१ सारखा लक्षणाचा कोड वापरता येतो. निदान पुढच्या भेटीत ठरलं की तेव्हा बदला. शंका तपासून फेटाळली असेल तर झेड०३.

निदान पक्कं झालं तर दोन भाषांत लिहावं लागतं. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रम पीबी (कमी जंतूंचा) आणि एमबी (जास्त जंतूंचा) असे प्रकार मोजतो: पाचपर्यंत चट्टे पीबी, सहा किंवा जास्त एमबी, शिवाय बाधित नसांची संख्या आणि स्मिअर, म्हणजे कातडीतल्या जंतूंची तपासणी. आयसीडी-१० मात्र ट्युबरक्युलॉइड ए३०.१, बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड ए३०.२, लेप्रोमॅटस ए३०.५ अशी विभागणी करतं. नुसतं 'एमबी' लिहिलं तर कोडर ए३०.९ वरच थांबतो. म्हणून दोन्ही लिहा, आणि विकृतीची ०, १ किंवा २ ही श्रेणीसुद्धा.

वर्षांपूर्वी औषधं पूर्ण करून बरा झालेला, आता वाकड्या बोटांसाठी आलेला माणूस ए३० मध्ये जात नाही. त्याचा कोड बी९२, कुष्ठरोगाचे मागे राहिलेले परिणाम. इथे चूक झाली तर बऱ्या झालेल्या माणसाला आपण कागदावर पुन्हा आजारी करतो.

आणि डाग नुसता पांढऱ्या कोडाचा (व्हिटिलिगो) असेल तर एल८०, शिबं असतील तर बी३६.०.

पायाची जखम: मागचा आजार शोधा

यावल-रावेर पट्ट्यातला एक काल्पनिक पेशंट घ्या. वय ५८, मधुमेह, बाभळीचा काटा रुतून डाव्या तळव्याला जखम, पाच दिवसांत सूज पोटरीपर्यंत, ताप. पेपरवर 'डीएम, इन्फेक्टेड वूंड लेफ्ट फूट' असेल तर हे सगळं कुठे गेलं? हवी ती नोंद अशी: 'टाइप २ मधुमेह, दहा वर्षं, इन्सुलिनवर. डाव्या तळव्याला डायबेटिक अल्सर, ३ बाय २ सेंमी, चरबीच्या थरापर्यंत खोल, हाड उघडं नाही. डाव्या पायाचा सेल्युलायटिस पोटरीपर्यंत. नाडी लागते, संवेदना कमी.' आता मूळ यादीत अल्सर ई११.५ मध्ये आणि सेल्युलायटिस एल०३.१ मध्ये जातो. सीएममध्ये ई११.६२१, त्यासोबत एल९७.५२२, एल०३.११६ आणि इन्सुलिनसाठी झेड७९.४. त्या एल९७.५२२ मधला शेवटचा २ म्हणजे चरबीचा थर उघडा. फक्त कातडीपुरती जखम असती तर १, हाड मेलं असतं तर ४. खोलीचे दोन शब्द लिहायचे राहिले की तिथे ९ बसतो.

सेल्युलायटिस मधुमेहामुळे झाला का, हे कोडरने जोडू नये. डॉक्टरांनी 'ड्यू टू' लिहिलं तर संबंध आहे, नाही तर दोन वेगळे आजार.

शिराफुगीची जखम मूळ यादीत एल९७ मध्ये जातच नाही, ती आय८३.० मध्ये. पडून राहिल्याने झालेली एल८९, तिला एक ते चार टप्पा हवा. आणि अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडचा तरुण घोट्याजवळची न भरणारी जखम घेऊन आला तर सिकल सेलचा रिपोर्ट बघितल्याशिवाय फाइल बंद करू नका. भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आहे आणि अशी जखम त्यात होते. रुग्ण असेल तर डी५७.१ आणि एल९७. वाहक असेल तर डी५७.३, आणि मग जखमेचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. 'सिकल पॉझिटिव्ह' ह्या नोंदीतून दोघांतला फरक कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसचा (रुग्ण की वाहक हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) निकाल लावा.

प्रोसिजर

फार लिहायचं नसतं, पण जे असतं ते आकड्यांत. बायोप्सी पंचने की ब्लेडने, पंच किती मिमीचा, कुठून, किती. अमेरिकन काम करणाऱ्यांसाठी सीपीटी, म्हणजे तिथले प्रोसिजरचे कोड, असे: ब्लेडने घेतलेली (शेव्ह) १११०२, पंच १११०४, कापून घेतलेली १११०६. चामखिळी चौदापर्यंत १७११०, पंधरा किंवा जास्त १७१११, म्हणून मोजून लिहा. डिब्राइडमेंटमध्ये (जखमेतला मेलेला भाग काढताना) कुठल्या थरापर्यंत आणि किती चौरस सेंटिमीटर. गाठ काढली असेल तर कापण्याआधीचं माप आणि सोडलेली कड; फॉर्मलिनमध्ये गाठ आकसते, म्हणून पॅथॉलॉजीच्या मापावर विसंबू नका.

क्लेम फॉर्म आणि क्वेरी

विम्याच्या फॉर्मचा भाग 'बी' हॉस्पिटलने भरायचा. त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सोबतचे आजार असे वेगळे रकाने आहेत. मुख्य निदान म्हणजे टप्प्याच्या शेवटी ठरलेला, ज्याच्यासाठी मुख्यतः उपचार लागले तो आजार. आधीचा मधुमेह जुना म्हणून तो वर, असं होत नाही. महात्मा फुले योजनेत पॅकेजचे स्वतःचे कोड असतात. ते आयसीडी नव्हेत, आरोग्यमित्राकडून तपासून घ्या. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत आली तेव्हा त्यात धुळे होतं, म्हणजे आपल्याकडे ह्या कामाची सवय जुनी आहे.

कॉस्मेटिक उपचार पॉलिसीत वगळलेले असतात. वांग एल८१.१ च आहे, त्याला दुसरं नाव देऊन ॲडमिशन बसवायची सूचना कोणी केली तर नकार द्या. ती फसवणूक आहे आणि सही करणारा अडकतो. पण केलॉइड (जखमेच्या व्रणावर वाढलेला कातडीचा उंचवटा) दुखतो आहे, खांदा वर होत नाही, असं खरंच असेल तर ते नोंदीत आलंच पाहिजे.

नोंद अपुरी असेल तर डॉक्टरांना लेखी विचारा, आणि उत्तर तोंडात देऊ नका. 'सेल्युलायटिस लिहू का सर?' असं विचारायचं नाही. असं विचारायचं: 'डाव्या पायाला सूज, उष्णता, ताप १०१ अशी नोंद आहे. निदान आणि बाजू स्पष्ट करावी.' डॉक्टरांचं उत्तर खाडाखोड न करता, आजची तारीख आणि वेळ टाकून, खाली सहीनिशी. जुन्या ओळीवर पांढरी शाई लावलेला पेपर क्लेममध्येही चालत नाही आणि कोर्टातही.

आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. त्यामुळे क्वेरीचा कागद आणि तिचं उत्तर त्याच फाइलमध्ये, डिस्चार्ज कार्डामागे टाचून ठेवा.